साउंड बाथला पहिल्यांदा जाताना : नागपूरकरांसाठी

आमच्या कॉलनीतल्या एका काकूंना मी साउंड बाथला सोबत न्यायचं ठरवलं, तेव्हा आदल्या रात्री त्यांचा फोन आला. "टॉवेल आणू का गं? आणि बदलायला कपडे?" नाव ऐकून असं वाटणं साहजिक आहे, पण इथे पाणी कुठेच नसतं. तुम्ही सतरंजीवर उताणे पडता, डोळे मिटता, आणि पाऊण तास ते तासभर कोणीतरी खोलीत काशाच्या वाट्या, गाँग म्हणजे टांगलेली मोठी धातूची थाळी, छोट्या घंटा, कधी तंबोरा वाजवत राहतं. त्याला ताल नसतो, चाल नसते, शब्द नसतात. एक नाद उठतो, विरत जातो, तो पुरता विरण्याआधी दुसरा उठतो. तुम्हाला काहीच करायचं नसतं, आणि नवख्या माणसाला नेमकं तेच जड जातं.

मी सहा वर्षांपासून जाते आहे, आणि घरीही रोज थोडा वेळ वाटी घेऊन बसते. ओळखीचं कोणी पहिल्यांदा जाणार असलं की फोनवर जे सांगते, ते सगळं इथे लिहिते आहे. त्यातलं एक आत्ताच सांगते, कारण बाकीची तयारी त्याच्यासाठीच आहे: नाद सुरू कुठे होतो याकडे सगळ्यांचं लक्ष जातं, तो संपतो कुठे ते ऐकायला शिका.

आवाज कशाचा असतो

ज्या वाटीने आजी उन्हाळ्याच्या रात्री तळपायाला तूप चोळून द्यायची, काळंकुट्ट होईपर्यंत घासायची, ती काशाची वाटी आठवा. साउंड बाथमधली वाटी त्याच जातीची. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील. कथील इतकं असलं की धातू कडक होतो, ठिसूळही होतो, पण टोला पडला की लांबपर्यंत वाजत राहतो. पितळेत तांब्यासोबत जस्त असतं, त्यामुळे ते तसं वाजत नाही. इतवारीत एका भांड्यांच्या दुकानात मी वाट्या बघत होते, तेव्हा गादीवर बसलेल्या म्हाताऱ्या काकांनी दोन वाट्या तळहातावर घेऊन नखाने टिचकी मारून दाखवली. म्हणाले, "ताई, कासं बोलते. पितळ लवकर गप्प होते." आपल्या शेजारचा भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला, त्यामुळे पितळ आपल्या घराघरात आहे. तुमच्याकडे जुनी वाटी असेल तर ती कशाची आहे ते या टिचकीने लगेच कळेल.

टोला पडला की वाटीची गोल कड क्षणभर लांबट होते, परत गोल होते, मग दुसऱ्या बाजूने लांबट होते, आणि हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. वाटी हाताने ठोकून घडवलेली असली तर कड सगळीकडे सारख्या जाडीची नसते, म्हणून एकाच वाटीतून एकमेकांच्या अगदी जवळचे दोन स्वर निघतात. समजा एक २०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २०० कंपनांचा, आणि दुसरा २०४ चा, तर कानाला नाद सेकंदाला चार वेळा फुगताना आणि ओसरताना ऐकू येतो. तंबोरा लावताना दोन तारा जवळजवळ जुळत आल्या की जो हेलकावा येतो, तोच हा. तंबोरा लावणारा तो हेलकावा काढून टाकतो. इथे मात्र मन त्याच हेलकाव्याला धरून राहतं.

जाहिरातीत बऱ्याचदा 'हजारो वर्षांची तिबेटी विद्या' आणि 'सात धातूंची वाटी' असं लिहिलेलं असतं. हिमालयाच्या भागातली आणि नेपाळात घडणारी वाटी खरी आहे, पण लोकांना आडवं करून भोवती वाट्या वाजवण्याची ही पद्धत १९७० च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांत रुजत गेली. धातूची तपासणी केली की वाटीत मुख्यतः तांबं आणि कथीलच सापडतं. स्फटिकाच्या पांढऱ्या वाट्या तर त्याहूनही नव्या. चिपसाठी लागणारं सिलिकॉन वितळवायला क्वार्ट्झच्या ज्या मुशी वापरतात, त्यांतून त्या आल्या. मला यात काही कमीपणा वाटत नाही. पद्धत नवी आहे, ऐकणं जुनं आहे. हठयोगप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथाच्या चौथ्या प्रकरणात नादानुसंधान सांगितलं आहे: आधी समुद्र, मेघ, भेरी यांसारखे मोठे आवाज, मग शंख आणि घंटा, आणि शेवटी वीणा आणि भुंग्याचा गुंजारव. मोठ्याकडून बारकाकडे जात राहायचं. चांगलं सत्र घेणारा माणूस नकळत याच वाटेने जातो.

आधी हे वाचा, कोणी जपायचं

अपस्माराचा म्हणजे फिट येण्याचा त्रास असेल, पेसमेकर बसवलेला असेल, डोक्याला नुकताच मार लागला असेल, गर्भारपण असेल, विशेषतः पहिले तीन महिने, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि सत्र घेणाऱ्यालाही सांगा. शरीरात प्लेट किंवा रॉड असेल तर वाटी अंगावर ठेवू देऊ नका. कानात सतत शिट्टी वाजणं, आवाज सहन न होणं, अर्धशिशी, यांपैकी काही असेल तर गाँग असलेलं सत्र टाळा, फक्त वाट्यांचं शोधा. श्रवणयंत्र वापरत असाल तर ते काढून ठेवा किंवा आवाज अगदी कमी करा. मनावर मोठा आघात झालेला असेल तर डोळे मिटून अनोळखी लोकांत पडणंच नको वाटू शकतं. अशा वेळी भिंतीला टेकून, डोळे उघडे ठेवून बसलात तरी चालतं, तसं आधीच सांगून ठेवा.

आणि बीपी, शुगर, थायरॉइड, झोप, कशाचीही गोळी या भरवशावर बंद करू नका. याने आराम पडतो, आजार जात नाही. कोणी 'कॅन्सरच्या पेशी फुटतात' किंवा '४३२ हर्ट्झने डीएनए दुरुस्त होतो' म्हणालं तर तिथून उठून या.

मग फायदा काय, असं तुम्ही विचाराल. २०१७ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगो भागातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ६२ जण, वाट्या आणि गाँगचं सत्र, आधी आणि नंतर प्रश्नावली. सत्रानंतर ताण, चिडचिड, थकवा, उदासी कमी झाल्याचं दिसलं, आणि ज्यांनी हा प्रकार आधी कधी केला नव्हता त्यांचा ताण जास्त उतरला. मात्र त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. म्हणजे गुण वाट्यांचा की तासभर फोनशिवाय पडून राहण्याचा, हे त्यावरून ठरत नाही. माझा अनुभव असा की नुसतं पडून राहायला सांगितलं तर दहा मिनिटांत मी उठून गॅसवर काही ठेवते. नाद असला की पडून राहते.

कुठे जायचं ते ठरवताना

नागपुरात अशी सत्रं योगवर्गांत, स्टुडिओत, हॉटेलच्या हॉलमध्ये आणि हिवाळ्यात शहराबाहेरच्या फार्महाउसवर होतात. माझं पहिलं सत्र एका हॉलमध्ये होतं, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. दोन मोठे डेझर्ट कूलर घरघरत होते, म्हणून वाजवणाऱ्यांनी त्यांच्या वर ऐकू यावं इतक्या जोराने गाँग वाजवला, आणि माझी सतरंजी त्या गाँगपासून हातभर अंतरावर होती. उठले तेव्हा कान सुन्न होते, आणि डोकं दोन दिवस दुखत राहिलं. हे आपल्याला झेपत नाही असं समजून मी वर्षभर परत गेले नाही. खरं तर चूक नादाची नव्हती, खोलीची होती.

म्हणून पैसे भरण्याआधी फोन करा आणि विचारा. खोलीत एसी आहे की कूलर? पहिला प्रश्न हाच. उन्हाळ्यात कूलर लावलेल्या खोलीत साउंड बाथ होऊच शकत नाही, कारण बारीक नाद सगळा त्या घरघरीत बुडतो. मग विचारा किती माणसं असतील. १२ ते १५ पर्यंत ठीक, ४० माणसांचा कार्यक्रम पहिल्या वेळी नको. गाँग आहे का, किती मोठा, आणि मी त्यापासून लांब झोपू शकते का, हेही विचारा. वाजवणाऱ्याने कोणाकडे शिकलं, किती वर्षं वाजवतो, हे विचारायला संकोच करू नका. चांगला माणूस उलट तुम्हाला विचारतो, काही आजार आहे का, पहिल्यांदा येताय का. ज्याने तुम्हाला एकही प्रश्न विचारला नाही, त्याच्याकडे मी जाणार नाही.

खोली कुठे आहे तेही बघा. लग्नसराईत मंगल कार्यालयाच्या बाजूची जागा असेल तर संध्याकाळी वरात येणारच. सकाळी सातच्या आतलं सत्र मिळालं तर उत्तम, रस्ते तोवर जागे झालेले नसतात.

आवाजाचं एक मोजमाप लक्षात ठेवा. अमेरिकेतली कामगार-आरोग्याची संस्था निऑश ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो असं मानते, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ९४ ला एक तास, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. फोनमध्ये आवाज मोजणारं मोफत अ‍ॅप मिळतं. ते अगदी काटेकोर नसतं, तरी अंदाज येतो. वाजवणाऱ्याला आधी विचारून सत्राच्या सुरुवातीला एकदा बघून घ्या, मग फोन बंद करून पिशवीत टाका.

त्या दिवशी

दोन तास आधी हलकं खा. सकाळी तर्री-पोहे खाऊन गेलात तर अख्खा तास छातीत तर्रीच जाणवेल, आणि आदल्या रात्री सावजी झालं असेल तर मी सांगायची गरज नाही. अगदी उपाशीही जाऊ नका, शांत खोलीत पोटाची गुडगुड सगळ्यांना ऐकू येते. अत्तर, बॉडी स्प्रे लावू नका. सैल सुती कपडे घाला.

पिशवीत काय असावं: स्वतःची सतरंजी किंवा योगा मॅट, एक पातळ उशी, डोळ्यांवर टाकायला ओढणी किंवा मऊ रुमाल, आणि चादर. चादर मे महिन्यातही न्या. बाहेर ४५ अंश असले तरी एसीत न हलता पडून राहिलं की वीसेक मिनिटांत पाय गार पडतात, आणि मग मन नादावर राहत नाही, पायांवर जातं. डिसेंबर-जानेवारीत फरशी बर्फासारखी असते, तेव्हा खाली गोधडी घाला आणि पायांत मोजे घाला.

बांगड्यांचं एक सांगायचं राहिलं. काचेच्या बांगड्या हात हलला की किणकिणतात, आणि पूर्ण शांततेत तो आवाज शेजारच्याला दचकवतो. बऱ्याच जणींना बांगड्या काढायच्या नसतात, काढूही नयेत. मनगटाभोवती रुमाल गुंडाळून घ्या, काम होतं. काकूंनी पदराच्या टोकाने हात बांधून घेतले होते, आणि त्या दिवशी सगळ्यात शांत त्याच होत्या.

पंधरा मिनिटं आधी पोचा. लघवीला जाऊन या, लागलेली नसली तरी. जागा निवडताना गाँगपासून निदान सात-आठ फूट लांब, दारापासून लांब, आणि पंख्याच्या अगदी खाली नाही अशी बघा. डोकं वाद्यांकडे करा की पाय, हे तिथले सांगतील. पहिल्या वेळी मी पाय वाद्यांकडे करायला सांगते, आवाज थोडा लांबून येतो.

आडवं झाल्यावर

शवासन करा. रामनगरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळात शिकलेल्या नागपूरकरांना ते सांगावं लागत नाही: पाय थोडे फाकलेले, तळवे वर, मान सरळ. कंबर दुखत असेल तर गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर सरकवा. उताणं पडवतच नसेल तर डाव्या कुशीवर झोपा, कोणी काही म्हणत नाही.

पहिली दहा मिनिटं वाईट जातात, हे धरून चाला. नाकाला खाज सुटते, दूध फ्रिजमध्ये ठेवलं का ते आठवतं, हे काय करतोय आपण असं वाटतं. खाज सुटली तर खाजवा. मन गप्प करायला जाऊ नका. त्याला एक काम द्या: एक टोला पडला की तोच नाद धरा. तो मोठा असताना सोपं असतं. मग तो ओसरतो, हेलकावे दिसेनासे होतात, एक बारीक रेघ उरते, पुढे ती रेघ आहे की नुसती आठवण आहे हे कळेनासं होतं. तिथपर्यंत जा. मध्येच दुसरा टोला पडला तर पहिला सोडून त्याला धरा. मन भरकटलं तर रागावू नका, पुढचा टोला पडणारच आहे.

यात झोप लागली तर लागली. शेजारी कोणी घोरायला लागलं तर तोही एक आवाज समजून ऐका. खरंच ऐका, दर श्वासाला वेगळा असतो. हातपाय एकदम दचकल्यासारखे उडाले तर घाबरू नका, झोपेत जातानाही तसं होतं. डोळ्यांतून पाणी आलं तर येऊ द्या. मला तिसऱ्या सत्रात आलं होतं, कारण मला आजही सांगता येणार नाही, आणि शोधायचीही गरज वाटली नाही.

मात्र धडधड वाढली, गुदमरल्यासारखं झालं, आवाज अंगावर येतोय असं वाटलं, तर सहन करत पडून राहू नका. डोळे उघडा, छताकडे बघा, उठून बसा. तरी कमी झालं नाही तर हळूच बाहेर निघून जा. पैसे भरले म्हणून शेवटपर्यंत पडून राहण्याचा हट्ट नको.

वाजवणं थांबल्यावर चार-पाच मिनिटं काहीच होत नाही. माझ्यासाठी अख्ख्या तासातला तोच भाग सगळ्यात मोलाचा आहे. तासभर बारीक नाद ऐकून कान इतके उघडलेले असतात की बाहेरच्या कडुनिंबावरचा पक्षी, दूरची गाडी, स्वतःचा श्वास, सगळं आपापल्या जागी ऐकू येतं. लोक या वेळी चुळबुळ करत चपला शोधायला लागतात. तुम्ही पडून राहा.

उठताना

आधी बोटं हलवा, मग मनगटं, मग पाय पोटाशी घ्या, उजव्या कुशीवर वळा, आणि हाताचा आधार घेऊन बसा. एकदम उठलात तर चक्कर येते. पाणी प्या. स्कूटीची किल्ली लगेच हातात घेऊ नका, पंधरा-वीस मिनिटं बसून राहा. डोकं ढगात असताना वर्धा रोडच्या गर्दीत शिरू नका. फोनही तेवढा वेळ बंदच असू द्या.

पुढचं सत्र महिन्याभराने घ्या. एकावरून मत बनवू नका, माझं उदाहरण वर दिलंच आहे. विपश्यना करणाऱ्यांसाठी एक सूचना: त्या ध्यानशिबिराच्या १० दिवसांत वाद्य, संगीत काही नसतं आणि दुसरी साधना मिसळू नये असं तिथे सांगतात, तेव्हा दोन्ही वेगवेगळं ठेवा.

घरी, एका वाटीवर

यासाठी नेपाळी वाटी विकत आणायलाच हवी असं नाही. आजीची काशाची वाटी असेल तर तीच घ्या. नवी घ्यायची असेल तर ऑनलाइन मागवण्यापेक्षा हातात घेऊन, वाजवून, मग घ्या. तीन वाट्यांवर एकेक टोला मारा आणि जिचा नाद जास्त वेळ टिकतो ती उचला. नक्षी, मंत्र, चक्रांचे रंग यांचे वेगळे पैसे देऊ नका.

डावा तळहात सपाट करा आणि वाटी त्यावर ठेवा. बोटं कडेला लागू देऊ नका, लागली की नाद मरतो. लाकडी दांड्याला सुती कापड गुंडाळून बाहेरून, कडेच्या थोडं खाली, हलका टोला द्या. दांडा कडेवर फिरवून नाद काढायचा असेल तर टोला दिल्यावर लगेच दांडा कडेला टेकवून सावकाश, एकसारख्या दाबाने फिरवा. खरखर आली तर तुम्ही घाई करताय किंवा दाब कमी पडतोय. हे जमायला आठवडा जातो, आणि जुनी जेवणातली वाटी फिरवून वाजेलच असं नाही. टोला पुरेसा आहे.

उन्हाळ्यात पंखा बंद करणं शक्य नसतं, तेव्हा पहाटे पाचला बसा, त्या वेळी दहा मिनिटं पंख्याशिवाय निघतात. हिवाळ्यात रात्री झोपण्याआधी. दहा टोले, त्याहून जास्त नाही, आणि दर टोल्यानंतर नाद पूर्ण संपेपर्यंत थांबायचं.

घरात दुसरं कोणी असेल तर दोघांनी करा. एकाने टोला द्यायचा, दोघांनीही डोळे मिटून एक बोट वर धरायचं, आणि ज्याला नाद संपला असं वाटेल त्याने बोट खाली घ्यायचं. काकू आणि मी मंगळवारी दुपारी असं बसतो. पहिल्या दिवशी त्यांचं बोट अठराव्या सेकंदाला खाली आलं होतं. परवा मी माझं बोट खाली घेऊन डोळे उघडले, तर त्यांचं अजून वरच होतं.